नवा माल परवा दाखल

गुरुवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी सेलताई एका ग्राहकाला उत्तर लिहीत होत्या : "नारिंगी पट्टीचे सेल आहेत. कितीही घ्या." 'कितीही' त्यांनी पुसलं. 'हवे तेवढे' लिहिलं, तेही पुसलं. शेवटी 'आहेत'पुढे पूर्णविराम ठेवून संदेश पाठवला आणि फोन काउंटरवर पालथा घातला.

दुकान श्रवणयंत्रांचं. पहिल्या मजल्यावर, बेकरीच्या डोक्यावर. बेकरीवाला पत्ता सांगताना "वर कानाचं दुकान" एवढंच सांगतो आणि तेवढं पुरतं. आत दोन खोल्या. मागच्या खोलीत तपासणी होते. तिच्या भिंतींना जाड कापड लावलंय, दाराला काच आहे. पुढच्या खोलीत काउंटर, ग्राहकांसाठी बाक आणि सेलताईंच्या पाठीशी चार खण : पिवळा, तपकिरी, नारिंगी, निळा. कानाच्या यंत्राचा सेल शर्टाच्या बटणाएवढा असतो आणि त्यावर त्याच्या मापाच्या रंगाची पट्टी चिकटवलेली असते. पट्टी काढली की सेलमध्ये हवा शिरते आणि तो चालू होतो. पट्टी परत चिकटवून तो थांबत नाही. निळी पट्टी सगळ्यात मोठ्या सेलची. ज्यांना यंत्राशिवाय जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, त्यांच्या यंत्राला तोच लागतो.

त्या गुरुवारी निळा खण रिकामा होता.

सेलताई हे नाव ग्राहकांनी पाडलंय. पगाराच्या कागदावर 'काउंटर व पत्रव्यवहार' असं लिहिलेलं असतं. चौदा वर्षांच्या नोकरीत त्यांना समोरच्याकडे तोंड करून, शब्द सुटे करून बोलायची सवय लागली आहे. घरीही त्या तशाच बोलतात. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, "आई, मला ऐकू येतं गं, नुसतं 'जेवायला ये' म्हण." पत्रव्यवहार म्हणजे ग्राहकांना मोबाइलवर पाठवायचे संदेश. बहुतेक ग्राहकांना फोनवर बोलता येत नाही. दुकानाला त्यांना जे सांगायचं असतं ते लिहूनच सांगावं लागतं, आणि ते सेलताई लिहितात.

पावणेअकराला टेलरकाका जिना चढून आले. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. गेले काही दिवस त्याचं शटर अर्धंच वर असतं. बायको हॉस्पिटलात आहे हे सेलताईंना ठाऊक होतं.

"दोन कार्डं द्या निळ्याची," ते म्हणाले. एका कार्डात सहा सेल येतात.

"काका, निळे नाहीत."

काकांनी डावा कान पुढे केला. उजव्या कानातलं यंत्र खिशात होतं. "उजवा रात्रीच गेला. हा डावा सकाळपासून टुणटुण करतोय. लवकर बोला, मीटर पडतंय."

"निळे. नाहीत."

"मस्करी नको ताई. तुम्हीच कळवलंय ना?" त्यांनी फोन काढून समोर धरला. सेलताईंनी स्वतः लिहिलेला संदेश स्वतः वाचला :

"निळ्या पट्टीचे सेल : नवा माल परवा दाखल. मर्यादित साठा. त्वरा करा."

"मंगळवारी सकाळी वाचला," काका म्हणाले. "परवा, म्हणजे रविवारी आला. म्हटलं, माल पडलाय दुकानात, घाई कसली? एरवी रात्री यंत्रं बंद करून ठेवतो, सेल दोन दिवस जास्त निघतात. या वेळी हॉस्पिटलात दिवसरात्र चालू ठेवली. हिनं हाक मारली तर?"

"काका, संदेश सोमवारचा. परवा म्हणजे बुधवारी. येणार होता."

"मग 'येणार' कुठंय?"

सेलताईंनी पुन्हा वाचलं. 'येणार' कुठेच नव्हतं.

"आणि आला का बुधवारी?"

त्यांनी मान हलवली. गाडी आली नव्हती. पुरवठादार आता शनिवार सांगत होता.

"रविवारी दुकान बंद असतं हे माझ्या तरी डोक्यात यायला हवं होतं," काका म्हणाले. "आमच्याकडे माप चुकलं तर कापड भरून देतो आम्ही. तुम्ही काय भरून देणार?" ते हसत म्हणाले होते; सेलताई हसल्या नाहीत, तेव्हा त्यांचंही हसू ओसरलं. "उद्या मोठे डॉक्टर फेरीवर येणार. हिचं ऑपरेशन करायचं की नाही, ते उद्या ठरणार. मागच्या वेळी भूल दिली आणि हिचं हृदय थांबता थांबता राहिलं. आता एक डॉक्टर म्हणतो करा, दुसरा म्हणतो थांबा. हो की नाही ते मला सांगायचंय. ती औषधांच्या गुंगीत असते. पोरगा जहाजावर, पंधरा पंधरा दिवस फोन लागत नाही. आणि डॉक्टरांच्या तोंडाला मास्क. ओठ वाचीन म्हटलं तर ओठच नाहीत."

"लिहून मागा ना."

"मागितलं की. दहा मिनिटं बोलले आणि कागदावर तीन शब्द. 'काळजी करू नका.'"

"मी येते तुमच्याबरोबर. ऐकते आणि तिथल्या तिथे लिहून देते."

"आत एकालाच सोडतात. आणि तुम्ही ऐकाल हो, पण मधे विचारायचं मला असतं. तो पुढच्या खाटेकडे वळला की…" बोलता बोलता त्यांनी हात वर केला. डोकं थोडं तिरकं केलं, कानावर दोन टिचक्या मारल्या. "गेला," ते म्हणाले, गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्यानं. मग म्हणाले, "शेवटचा आवाज तुमचा ऐकला. घरी सांगू नका."

पुढचं सगळं कागदावर झालं. मागच्या खोलीतून कान तपासणाऱ्या मॅडम बाहेर आल्या. ग्राहकांना वापरून बघायला देतात तशी दोन यंत्रं दुकानात होती. एक काकांच्या कानाला पुरण्याइतकं जोरदार नव्हतं. दुसरं होतं, पण त्यालाही निळाच सेल. शहरातल्या आणखी दोन दुकानांना सेलताईंनी फोन केला. पुरवठादार सगळ्यांचा तोच, त्यामुळे शनिवारही तोच. "संध्याकाळी सहाला या. काहीतरी बघते," असं त्यांनी कागदावर लिहिलं. काकांनी 'काहीतरी' या शब्दावर बोट ठेवलं, त्यांच्याकडे बघितलं आणि जिना उतरून गेले.

सोमवारचा संदेश असा का झाला, ते सेलताईंना सांगता येतं. पहिला मसुदा असा होता : "निळे सेल आज संपले. पुढचे बुधवारी येतील." तो शेठना दाखवला. शेठ दुकानाचे मालक. दुपारी दोनला येतात. संदेशांबाबत त्यांचे नियम ठरलेले आहेत. संदेश एका दमात वाचून व्हायला हवा. त्यात 'नाही' नको, 'संपले' तर नकोच. आणि शेवटी 'मर्यादित साठा, त्वरा करा' हवं. यंत्र पुसायचे ब्रश पोटमाळ्यावर वर्षानुवर्षं खोक्यांत पडून आहेत. तेही दर दोन महिन्यांनी मर्यादित साठ्यात विकायला निघतात. एक निवृत्त कारकून दर वेळी न चुकता उत्तर पाठवतात : "लांडगा आला रे आला."

त्या मसुद्यातलं 'संपले' शेठनी काढलं. 'येतील'ही काढलं, कारण येतील म्हणजे आत्ता नाहीत हे शेंबडं पोरही ओळखेल. "दाखल लिहा," ते म्हणाले, "दाखल शब्दाला वजन आहे." पण 'बुधवारी'चं 'परवा' शेठनी केलेलं नाही. ते सेलताईंनी केलं. वार लिहिला की त्या वारी सकाळीच लोक दारात उभे राहतात आणि गाडी आली नाही की काउंटरवरच्या माणसाला ऐकावं लागतं. परवा जरा सैल असतं. ते लिहिणाऱ्याला सोयीचं पडतं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तो संदेश, काही न सांगता, घरच्या ग्रुपवर टाकला आणि विचारलं, "यातून काय कळतं?"

मुलीचं उत्तर लगेच आलं : "माल आलाय. का? आणि त्वरा करा कोण म्हणतं अजून??"

नवरा शाळेच्या बसवर ड्रायव्हर आहे. दुपारी त्याची गाडी उभी असते. त्यानं लिहिलं : "माल येणार आहे."

मुलगी : "बाबांना सगळं येणारच वाटतं. पगारवाढ पण."

सेलताईंनी डबा बंद केला. निळा सेल वापरणाऱ्या साठ-बासष्ट ग्राहकांना तो संदेश गेला होता. त्यातले निम्मे मुलीसारखे वाचणारे धरले, तर तीस घरांत आज माणसं निर्धास्त बसलेली असणार होती.

शेठ दोनला आले तेव्हा नवा मसुदा तयार होता. सेलताईंनी तो त्यांच्यासमोर ठेवला :

"निळ्या पट्टीचे सेल संपले आहेत. शनिवारी येतील असं पुरवठादार सांगतो, पण खात्री नाही. सोमवारच्या संदेशातला 'परवा' म्हणजे बुधवार होता. तो माल आलेला नाही. चूक आमची. एका ग्राहकाला उद्या सकाळी हॉस्पिटलात दोन सेल अगदी गरजेचे आहेत. कुणाकडे न उघडलेले असतील तर आज पाचच्या आत कळवावं."

शेठनी चष्मा चढवून वाचलं. "हे काय, शोकसंदेश आहे का?"

"जे आहे ते आहे."

"दुकानात बसून संपलं म्हणू नये, ताई. माझी आई घरातलं मीठसुद्धा संपलं म्हणायची नाही. 'मीठ वाढलं' म्हणायची."

"लिहू तसं? 'निळे सेल वाढले'? उद्या लोक पिशव्या घेऊन येतील."

मागच्या खोलीतून मॅडमच्या हसण्याचा आवाज आला. शेठना हसू आलं नाही. "तुम्हाला वाटतं मी जुनं खोड आहे. पण माझं एक ऐका. संपलं म्हटलं की ज्याच्या घरात दोन कार्डं पडलीत तो तिसरं मागतो. ज्याच्याकडे एक आहे तो ते कुलपात घालतो. चाळीस वर्षं गिऱ्हाईक बघतोय. आणि 'खात्री नाही' लिहिल्यावर कोण हातचा सेल सोडेल?"

"टेलरकाका उद्या डॉक्टरांसमोर बहिरे उभे राहणार आहेत, शेठ. मी लिहिलं म्हणून."

शेठनी मसुदा पुन्हा वाचला. मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "पाठवा. पण 'चूक आमची' नको. वकील असतात गिऱ्हाइकांत."

"मग कोणाची लिहू?"

"कोणाची नको. 'चूक झाली' लिहा."

सेलताईंनी 'आमची' पुसून 'झाली' लिहिलं. नुसतं वाचलं तर ती चूक आपली आपणच झाल्यासारखी वाटत होती. अडीच वाजता संदेश गेला.

शेठचं म्हणणं अर्ध्या तासात खरं ठरलं. पहिलं उत्तर : "मलाही दोन कार्डं ठेवा." दुसरं : "म्हणजे आले आणि संपले?" तिसरं : "शनिवारी तीन कार्डं. नाव लिहून ठेवा." एकानं नुसताच रागाचा चेहरा पाठवला. निवृत्त कारकुनांनी लिहिलं : "संपले? खरंच संपले, की नेहमीसारखे संपले?" त्यावर सेलताईंनी लिहिलं, "खरंच." उलट उत्तर आलं, "मग हे आधी सांगायचं होतं," आणि त्याखाली, "माझ्याकडेही एकच आहे, कानातला."

एका गृहस्थांकडे पाच सेल होते. त्यांनी ते लपवलं नाही. "पाच आहेत. पण शनिवारची खात्री नाही असं तुम्हीच म्हणता. मग देऊ कसे? शनिवारी नक्की मिळणार असतील तर आत्ता दोन पाठवतो."

हे वाचून सेलताई बराच वेळ फोन हातात धरून बसल्या. 'नक्की' असा एक शब्द लिहायचा, की दोन सेल हातात होते. पुरवठादाराला पुन्हा फोन लावला. "ताई, गाडी निघाली की कळवतो," पलीकडून उत्तर आलं. निघाली का? "निघेल." मॅडम दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "लिहून टाका नक्की म्हणून. शनिवारचं शनिवारी बघू."

सेलताईंनी लिहिलं, "नक्की सांगता येत नाही." गृहस्थांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. त्या चित्राचा अर्थ कधी आभार असतो, कधी माफ करा. इथे दुसरा होता.

पावणेचारला आणखी एक उत्तर आलं, लांबलचक : "हा नंबर माझ्या सासऱ्यांचा. ते जाऊन दोन महिने झाले. तुमचे मेसेज बंद करा असं मी दोनदा लिहिलं होतं. त्यांच्या खणात दोन सेल आहेत, न उघडलेले. मी स्वतः घेऊन येते. आणि नाव माझ्यासमोर काढायचं."

बाई शाळेतून परस्पर आल्या. शिक्षिका असाव्यात, पिशवीतून गठ्ठ्यानं वह्या डोकावत होत्या. त्यांनी कार्ड काउंटरवर ठेवलं, पण वरचा हात काढला नाही.

"आधी नाव काढा."

सेलताईंनी फोन त्यांच्याकडे फिरवला आणि त्यांच्या देखत नंबर काढून टाकला.

"बाबा गेले त्या दिवशी सकाळी आला होता तुमचा मेसेज," बाई म्हणाल्या. "घरात माणसं जमलेली. फोन वाजला म्हणून मी बघितलं. 'त्वरा करा'." त्यांनी हात उचलला. "कोणासाठी हवेत?"

सेलताईंनी सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, पिशवी खांद्याला लावली. "चालले ना, तर कळवू नका. नाही चालले तरी नको," म्हणाल्या आणि गेल्या.

कार्डामागे तारीख होती. ती उलटून वर्ष झालं होतं. सेलताईंनी कार्ड मॅडमकडे नेलं. तारीख उलटलेला सेल चालतच नाही असं नाही. किती चालेल, ते मात्र पट्टी काढल्याशिवाय कळत नाही, आणि पट्टी काढली की तो खर्च व्हायला लागतो. दोघींनी विचार करून एकाची पट्टी काढली. पाच मिनिटं हवा लागू दिली, मग तो वापरून बघायच्या यंत्रात घातला आणि यंत्र सेलची ताकद दाखवणाऱ्या मीटरला जोडून चालू ठेवलं. मीटरचा काटा आधी हिरव्यावर गेला. मॅडम "वा" म्हणाल्या. वीस मिनिटांनी पाहिलं तर काटा पिवळ्यावर होता. अर्ध्या तासानं यंत्र टुणटुणलं आणि बंद पडलं.

"दुसरा बरा असेल कदाचित," मॅडम म्हणाल्या.

"एकाच कार्डातला आहे."

"असतं कधी कधी."

शेठ आत डोकावून बघून गेले. जाताना त्यांनी निळा खण उघडून आत हात फिरवला, जसं काही कार्ड फटीत अडकलेलं सापडेल, आणि खण लावून टाकला.

टेलरकाका सहाला आले. दिवसभर आवाजाशिवाय हॉस्पिटलात बसून त्यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. बाकावर न बसता ते थेट काउंटरशी आले. सेलताईंनी कागद आधीच लिहायला घेतला होता. पहिल्या ओळीत 'चालेल' लिहिलेलं होतं. काका जिना चढताना दिसले तेव्हा त्यांनी तो कागद फाडून दुसरा घेतला. त्यावर लिहिलं : "एकच सेल आहे. जुना आहे. याच्याबरोबरचा अर्धा तास चालला. हा किती चालेल, माहीत नाही."

काकांनी वाचलं. "माहीत नाही म्हणजे?" ते ओरडले. आपण ओरडतोय हे त्यांना कळत नव्हतं. खाली बेकरीच्या रांगेतल्या माणसांनी वर बघितलं. "तुम्हाला माहीत नाही तर कोणाला माहीत? सकाळी म्हणालात 'काहीतरी बघते'. हे काहीतरी?"

सेलताईंनी खाली लिहिलं : "सोमवारी मी वार लिहायला हवा होता. चूक माझी."

काकांनी ते वाचलं आणि कागद बाजूला सारला, रद्दी सारतात तसा. त्यांना त्याचं काही करायचं नव्हतं. "पट्टी कधी काढू ते सांगा," ते म्हणाले.

हा प्रश्न दुपारपासून सेलताईंच्या डोक्यात होता. डॉक्टर खाटेजवळ येण्याच्या पाच मिनिटं आधी पट्टी काढायला हवी; लगेच घातला तर जुना सेल दम धरत नाही. फार आधी काढली, तर डॉक्टर येईपर्यंत संपेल. त्यांनी लिहिलं : "डॉक्टर तुमच्याकडे किती वाजता येतात?"

"फेरी नऊला सुरू होते. आधी कुठल्या खाटेकडे, ते त्यांच्या मनावर. एक दिवस आमच्याकडे सव्वानऊला आले, एक दिवस साडेदहाला."

"नर्सला विचारा."

"विचारलं होतं. म्हणाली, ते मला कळलं असतं तर मी अशी खाटाखाटांत धावत फिरले नसते."

मॅडम म्हणाल्या, वॉर्डच्या दारात उभं राहा, डॉक्टर दोन खाटा अलीकडे आले की पट्टी काढा. सेलताईंनी ते लिहून दिलं. काकांनी दोन बोटं वर करून विचारलं, दोन खाटा म्हणजे किती वेळ? मग काका स्वतःच म्हणाले, "बघतो. गिऱ्हाईक दारात दिसलं की सुईत दोरा ओवतोच की मी." सेल आधी शर्टाच्या खिशात गेला, मग बाहेर आला, मग चष्म्याच्या डबीत गेला आणि डबी पँटच्या खिशात. यंत्र उजव्या कानाचंच घ्यायचं ठरलं. त्या कानाला किंचित बरं ऐकू येतं. डाव्याचं त्यांनी काउंटरवर ठेवलं. "शनिवारी नेतो. शनिवार आला तर," म्हणाले.

ते गेल्यावर सेलताईंनी दिवसभराची उत्तरं वर सरकवत पुन्हा पाहिली. पाच सेलवाल्या गृहस्थांना आणखी एकदा लिहावं का, म्हणून त्यांनी बोट ठेवलं. "उद्या सकाळी नऊपर्यंत मिळाले तर" एवढं लिहिलं. पुढे काय द्यायचं कबूल करावं हे सुचेना. ते पुसलं. मग नुसतं खरं तेवढंच लिहिलं : "आम्हाला एकच जुना सेल मिळाला आहे. तो टिकेल असं वाटत नाही. शनिवारचं काही सांगू शकत नाही. माणूस बायकोच्या ऑपरेशनसाठी हो की नाही सांगणार आहे." पाठवला.

साडेसातला दुकान बंद करताना त्या संदेशासमोर दोन खुणा होत्या, म्हणजे तो पोचला होता. त्या अजून निळ्या झालेल्या नव्हत्या.

उद्या शुक्रवार. मोठ्या डॉक्टरांची फेरी सकाळी नऊला सुरू होते. दुकान साडेनऊला उघडतं.